काळा दगड आणि साधा कॅमेरा

फिल्डवर्कसाठी भारी कॅमेरा नाही म्हणून अडून बसू नका. १८-५५ लेन्सचा साधा डीएसएलआर पुरतो, फक्त त्याला 'ऑटो'वर सोडू नका. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातलं चिखला घ्या. इथे मॉइलची मँगनीजची खाण आहे आणि खनिज जवळजवळ काळंच.

आता गंमत बघा. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम करडं, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारं आहे, असं धरून चालतो. फ्रेम काळ्या दगडाने भरली की त्याला वाटतं उजेड कमी आहे. तो एक्स्पोजर वाढवतो आणि काळं खनिज राखाडी दिसतं. प्रबंधात तो फोटो पाहणारा परीक्षक विचारणार, नमुना झिजलेला आहे का? तेव्हा तुमच्याकडे उत्तर हवं.

उपाय फुकटचा आहे. +/- बटणाने एक्स्पोजर उणे १ वर आणा, हिस्टोग्राम बघा, मग उणे दीडवरही एक फोटो घ्या. रॉमध्ये काढा, कारण जेपेगमध्ये रंग कॅमेराच ठरवतो. पहिल्या फोटोत नमुन्याशेजारी ग्रे कार्ड ठेवा; व्हाइट बॅलन्स नंतर त्यावरून जुळवता येतो. मापासाठी मिलिमीटरची पट्टी बरी. नाणंच असेल तर १० रुपयांचं घ्या, व्यास २७ मिमी. १८ मिमीवर कडेच्या रेषा वाकतात, त्यामुळे झूम ३५ च्या आसपास ठेवा.

आणि हो, निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ जीपीएसशी जुळवा. नाहीतर कुठला फोटो कुठल्या ठिकाणचा, हे वेळेवरून लावता येणार नाही.