फोनची खोड, मावशीला बोल

रात्री मोबाइलचा आवाज आपोआप बंद होतो, बंद केलेले वायफाय सकाळी चालू दिसते, पडदा कधी काळवंडतो तर कधी लख्ख होतो. ही तक्रार आता घरोघरी आहे. त्यावर घरातल्या तरुणांचे उत्तरही ठरलेले : ‘तुझंच बोट लागलं असेल!’ ज्याचे वय जास्त, त्याच्या माथी हा दोष लवकर येतो.

माझ्या मावशीचे तसेच झाले. वय ७४, सांगलीत एकटीच राहते. रात्री तिचा फोन वाजेना. मुंबईहून मुलगा फोन करकरून थके. दोनदा त्याने शेजाऱ्यांना दार ठोठवायला लावले, तर मावशी आपली धडधाकट, टीव्हीसमोर बसलेली! आधी तिच्या कानांवर संशय आला, मग स्मरणशक्तीवर. डॉक्टरांकडे न्यायची भाषा सुरू झाली. मावशी मला म्हणाली, ‘‘अरे, महिन्याचा दुधाचा हिशेब मला तोंडपाठ असतो आणि एवढं बटण मी विसरेन?’’

हिशेबावरूनच वाट सापडली. दूधवाल्याचे खाडे ज्या दिनदर्शिकेवर ती मांडते, तिथेच फोन गप्प झाल्याची खूण कधी दिसते ते लिहायला मी तिला सांगितले. आठ दिवसांच्या आठ चौकटींत एकच वेळ निघाली, ९.३०. माणूस काही घड्याळाच्या काट्यावर विसरत नाही. फोनमध्ये शोधले, तर झोपेच्या वेळेचे वेळापत्रक चालू होते. ते कोणीही लावलेले असो, रोज रात्री बटण दाबणारी मावशी नव्हती.

फोन लहरी नसतो. त्याला कधीतरी एखादा नेम घालून दिलेला असतो आणि तो निमूटपणे पाळतो. काही नेम तर तो घरी येतानाच घेऊन येतो. २०१७च्या आयओएस ११ पासून आयफोनच्या नियंत्रण केंद्रातले वायफायचे बटण जोडणी तेवढ्यापुरतीच तोडते. पहाटे पाचला फोन पुन्हा जोडून घेतो. २०१८च्या अँड्रॉइड ९ पासून पडद्याचा उजेड आपल्या सवयी पाहून बदलू शकतो. २०२०च्या अँड्रॉइड ११ पासून काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपला दिलेल्या कॅमेरा, माइकसारख्या परवानग्या फोन स्वतःहून काढून घेतो. २०२१ पासून अ‍ॅपलच्या एका उपकरणावर लावलेला ‘फोकस’ त्याच खात्यावरच्या दुसऱ्या उपकरणालाही गप्प करू शकतो. काही फोन तर टेबलावर पालथे ठेवले तरी मुके होतात.

म्हणून आधी नोंद ठेवावी. बदल रोज ठरावीक वेळी होत असेल, तर झोपेचे किंवा ‘व्यत्यय आणू नका’चे वेळापत्रक पाहावे. घरी वा कचेरीत पोचताच होत असेल, तर ठिकाणावर बेतलेला नेम शोधावा. बॅटरी उतरल्यावर होत असेल, तर बॅटरी बचत. कशाचाच मेळ बसत नसेल, तर संशय अ‍ॅपवर घ्यावा. अँड्रॉइडमध्ये ‘व्यत्यय आणू नका’ आणि सेटिंग्ज बदलण्याची परवानगी कोणकोणत्या अ‍ॅपला आहे, याची यादी मिळते. फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू केला की बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स थांबतात. तिथे त्रास थांबला, तर चोर त्यांच्यातच आहे असे समजावे आणि अलीकडे घेतलेल्या अ‍ॅपपासून एकेक काढून पाहावे.

मात्र नेम सापडला म्हणून तो सरसकट मोडू नये. रात्रीची शांत झोप वडीलधाऱ्यांनाही हवीच असते. वेळापत्रक राहू द्यावे आणि जवळच्या माणसांच्या क्रमांकांना त्यातून सूट द्यावी. लागोपाठ आलेल्या दुसऱ्या फोनलाही सूट देता येते : अँड्रॉइडवर तोच माणूस १५ मिनिटांत पुन्हा फोन करील तर, आयफोनवर ३ मिनिटांत. ही सोय चालू करून आज रात्रीच दोनदा फोन लावून पाहावा. वाजला, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाची झोपही राहील आणि त्याच्यावरचा विश्वासही.