कीर्द, तक्ता आणि लो-कोड साधने : कुपवाडच्या लघुउद्योगांच्या संदर्भात एक विवेचन

लघुउद्योगाच्या व्यवस्थापनाचा विचार करताना भांडवल, कच्चा माल, वीज आणि कामगार या चार अंगांची चर्चा नेहमी होते. नोंदींची व्यवस्था हे पाचवे अंग मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. गेल्या काही वर्षांत अनेक उद्योगांपुढे एक प्रश्न उभा राहिला आहे : संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे तक्त्यांत, ठेवलेला कारभार ‘लो-कोड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधनांकडे न्यावा काय, आणि न्यावयाचा तर कसा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात करावयाचा आहे.

१९९८ साली सांगली आणि मिरज यांच्यासह एका महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या कुपवाडमध्ये ओतकाम व यांत्रिक कामाचे लहान कारखाने आहेत. अशा कारखान्यांचे एक लक्षण असे की, माल एका छपराखाली क्वचितच पूर्ण होतो. ओतलेला भाग एका ठिकाणी, त्याचे मशिनिंग दुसऱ्या ठिकाणी, आणि पृष्ठसंस्कार तिसऱ्या ठिकाणी. ही कामे जॉबवर्क म्हणून बाहेर दिली जातात. मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा, आणि दोहोंमधील दुवा म्हणजे एक चलन. सबब या उद्योगात नोंद हे मालाच्या मालकीचे प्रमाण असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कारखान्याने ५०० कास्टिंग एका चलनावर मशिनिंगसाठी पाठविले. पहिल्या खेपेत ३१० व दुसऱ्या खेपेत १५० नग तयार होऊन परत आले. २२ नग रिजेक्शन म्हणून परत आले. म्हणजे १८ नग अद्याप बाहेर आहेत. तक्त्यात ही गोष्ट सामान्यतः एका ओळीत लिहिली जाते : पाठविले ५००, आले ३१०. दुसरी खेप आली की कारकून ३१० खोडून ४६० लिहितो. बेरीज बरोबर असते. परंतु कोणती खेप कोणत्या दिवशी आली हा इतिहास त्या क्षणी पुसला जातो.

हा इतिहास पुसला जाण्याची किंमत काय, हे कायद्याकडे पाहिल्यास कळते. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कसाठी पाठविलेला माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे, अथवा तेथूनच नियमानुसार विकला गेला पाहिजे. तसे न झाल्यास आणि आयुक्तांनी मुदत वाढवून दिली नसल्यास तो माल पाठविल्या दिवशीच विकला गेला असे मानले जाते, आणि त्यावर करासह व्याजाचा भार येतो. वरील उदाहरणातील १८ नग कोणत्या चलनाचे, हे सांगता आले नाही तर कारखानदाराची बाजू लंगडी पडते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरावयाच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक फेरबदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे, आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. साधा तक्ता ही अट पुरी करू शकत नाही.

येथे जुन्या हिशेबपद्धतीचे स्मरण उपयुक्त ठरेल. आपल्याकडील व्यापारी कीर्द आणि खतावणी या दोन वह्या वेगळ्या ठेवीत. कीर्दीत व्यवहार घडला त्या क्रमाने लिहावयाचा. खतावणीत तो खात्यानुसार मांडावयाचा. कीर्दीतील नोंद खोडावयाची नाही, चूक झाल्यास उलट नोंद करावयाची, हा दंडक होता. घटना आणि निष्कर्ष यांना वेगळे ठेवण्याचे हे शहाणपण होते. तक्त्याने हा भेद मोडला. तक्त्यात घटना, आकडेमोड आणि अहवाल ही तिन्ही एकाच पृष्ठावर नांदतात.

तक्त्याचा हा दोष त्याच्या जन्मातच आहे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी ‘व्हिजिकॅल्क’ निर्माण केले, ते आकडेमोडीसाठी. एक आकडा बदलला की अवलंबून असलेले सर्व आकडे बदलावेत, ही त्यामागील कल्पना होती, आणि अंदाजपत्रकासाठी ती आजही अतुलनीय आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या नोंदींचे भांडार होणे हे त्याचे प्रयोजन नव्हते. २०२० साली इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत याचे प्रत्यंतर आले. जुन्या स्वरूपाच्या एक्सेल तक्त्यात ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नसल्याने कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी काही दिवस गणनेबाहेर राहिल्या. लहान कारखान्यात ओळी संपत नाहीत; तेथे वेगळ्या चुका होतात. ‘१०-१२’ हा भागाचा क्रमांक तारीख बनतो, ‘००४५’ मधील शून्ये गळतात, आणि एकाच ग्राहकाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिले गेल्याने त्याची बाकी तीन ठिकाणी विभागली जाते.

यावरील उपायाचे तत्त्व १९७० साली ई. एफ. कॉड यांनी मांडले. माहिती परस्परसंबद्ध सारण्यांत ठेवावी आणि एक तथ्य एकाच ठिकाणी असावे, हा त्याचा मथितार्थ. परंतु अशी व्यवस्था उभारण्यास प्रशिक्षित संगणकतज्ज्ञ लागत, आणि लहान कारखान्यास तो खर्च पेलत नसे. लो-कोड साधनांनी हे अंतर कमी केले. यात फॉर्म, सारणी, त्यांतील संबंध आणि अधिकार यांचे केवळ वर्णन करावयाचे असते. त्यावरून साधन स्वतःच प्रणाली तयार करते. ‘लो-कोड’ ही संज्ञा २०१४ च्या सुमारास रूढ झाली. झोहो क्रिएटर हे भारतीय साधन मात्र २००६ पासूनचे आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण विशेष उद्बोधक आहे. मुंबईचे ऋषभ मेहता यांनी आपल्या कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायातील अडचणींतून स्वतःच प्रणाली लिहावयास घेतली. त्यातून ‘ईआरपीनेक्स्ट’ आणि त्याचा पाया असलेली ‘फ्रापे’ ही मुक्तस्रोत चौकट उभी राहिली. त्यांची कंपनी २००८ साली स्थापन झाली. या चौकटीत एकदा पक्का केलेला दस्त सरळ खोडता येत नाही. तो रद्द करून त्याची सुधारित आवृत्ती काढावी लागते, आणि मूळ दस्त शिल्लक राहतो. कीर्दीचा दंडक येथे नव्या रूपात परत आलेला दिसतो.

आता स्थलांतराच्या पद्धतीचा विचार करू. पहिली गोष्ट, तक्त्यातील स्तंभ जसेच्या तसे उचलू नयेत. आधी कारखान्यात प्रत्यक्ष फिरणारे कागद मोजावेत : आवक पावती, जावक चलन, तपासणीचा अहवाल, बिल. प्रत्येक कागद म्हणजे एक घटना, आणि प्रत्येक घटनेस स्वतंत्र सारणी. दुसरी, ग्राहक, जॉबवर्क करणारे आणि भाग यांच्या मूळ याद्या करून प्रत्येकास एकच संकेतांक द्यावा. तो अक्षररूपात साठवावा. तिसरी, शिल्लक कधीही लिहून ठेवू नये. ती घटनांवरून काढावी. वरील उदाहरणातील १८ हा आकडा कोणी टंकित करावयाचा नसून ५०० मधून तीन आवक नोंदी वजा करून तो आपोआप आला पाहिजे. चौथी, प्रारंभीची शिल्लक जुन्या तक्त्यावरून घेऊ नये. एक दिवस माल प्रत्यक्ष मोजून, जॉबवर्क करणाऱ्यांकडील मालासह, ती निश्चित करावी. पाचवी, किमान एक महिना दोन्ही पद्धती समांतर चालवाव्यात आणि फरकाचे कारण दर आठवड्यास शोधावे. त्यानंतर जुना तक्ता केवळ वाचनापुरता ठेवावा. दोन्हींत लिहिण्याची मुभा राहिली तर दोन सत्ये निर्माण होतात.

या साधनांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अनेक साधनांचे शुल्क दर वापरकर्त्यामागे असते. म्हणून खर्च वाचविण्यासाठी एकाच नावाने चौघे काम करू लागतात, आणि कोणी काय बदलले याच्या नोंदीस अर्थ उरत नाही. माहिती पूर्ण स्वरूपात बाहेर काढता येते काय, हे करार करण्यापूर्वी पाहावे. मुक्तस्रोत प्रणाली शुल्कमुक्त असली तरी तिची देखभाल फुकट होत नाही. सर्वांत महत्त्वाचे, बांधणी सोपी झाली म्हणून रचनेचा विचार टळत नाही. गोंधळलेला तक्ता नव्या साधनात घातला, तर गोंधळ अधिक वेगाने चालू लागतो.

तक्त्यास निरोप द्यावा, असा या विवेचनाचा अर्थ नाही. किलोमागे ओतकामाचा खर्च किती येईल, विजेचा दर वाढल्यास भाव किती मागावा, हे प्रश्न तक्त्याचेच आहेत. नोंद लो-कोड प्रणालीत आणि चिंतन तक्त्यात, ही विभागणी योग्य होय.

अभ्यासकांनी एक बाब विशेष लक्षात घ्यावी. अनेक कारखान्यांत तक्त्याची रचना एकाच अनुभवी कारकुनास ठाऊक असते. तो गेला की व्यवस्थेची किल्लीही जाते. स्थलांतरात त्याला बाजूस सारणे ही मोठी चूक ठरते, कारण कोणता स्तंभ का निर्माण झाला हे ज्ञान त्याच्यापाशीच असते. नव्या प्रणालीचे पहिले वर्णन त्याच्या तोंडून लिहून घेणे, हेच क्षेत्रीय अभ्यासाचे पहिले काम समजावे.