आधी पडावयास शिकावे

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की वर्गातील काही चेहरे उतरतात. त्या मुलांस काय सांगावे, हा आम्हां शिक्षकांपुढील जुनाच प्रश्न आहे. नुसत्या उपदेशाने तो सुटत नाही, हे आम्ही अनुभवाने जाणतो. म्हणून यंदा उपदेश बाजूस ठेवून एका जपानी खेळाडू स्त्रीची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

तिचा खेळ ज्युदो. जिगोरो कानो नावाच्या एका तरुण शिक्षकाने १८८२ साली तोक्योतील एका बौद्ध मंदिराच्या आवारात या विद्येची शाळा काढली. आपल्या कुस्तीशी या खेळाचे दूरचे नाते जुळते. अंगात जाड सुती अंगरखा असतो. प्रतिस्पर्ध्याची गळपट्टी नि बाही धरून त्याचा तोल घालवावयाचा. त्याने ढकलले तर आपण उलट ढकलावयाचे नाही. त्याच्याच जोराचा उपयोग करून त्याला खेचून पाडावयाचे. जोराने व कौशल्याने त्याला पाठीवर आपटले की त्यास ‘इप्पोन’ म्हणतात आणि लढत तेथेच संपते. परंतु या विद्येचा पहिला धडा पाडण्याचा नसून पडण्याचा आहे. हनुवटी छातीशी घ्यावी, पडता पडता हाताने चटईवर थाप मारावी, म्हणजे आघात विभागला जातो आणि डोके आपटत नाही. हे साधल्यावाचून पुढील डाव शिकवीत नाहीत.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ज्युदो १९६४ साली आला. स्त्रियांना मात्र पदकांसाठी १९९२ पर्यंत, म्हणजे तब्बल २८ वर्षे थांबावे लागले. त्या वर्षी बार्सिलोनास ४८ किलो वजनाच्या गटात १६ वर्षांची रिओको तामुरा उतरली. फुकुओका प्रांतातील ही मुलगी उंचीने अवघी १४६ सेंटिमीटर. ती अंतिम लढतीपर्यंत पोहोचली, पण फ्रान्सच्या सेसिल नोवाककडून हरली व तिला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

त्यानंतर तिने ओळीने ८४ लढती जिंकल्या. १९९३ व १९९५ या दोन्ही वर्षी ती जगज्जेती झाली. १९९६ साली अटलांटास सुवर्णपदक तिचेच, असे सारे धरून चालले होते. अंतिम लढतीत समोर आली उत्तर कोरियाची के सुन-हुई. तिचे वय १६. बार्सिलोनास रिओकोचे होते तेवढेच! त्या अपरिचित मुलीने जगज्जेतीस हरविले. पुन्हा रौप्य.

येथे दुसरी कोणी खचली असती. रिओकोने १९९७ व १९९९ साली जगज्जेतेपद राखले आणि २००० साली ती सिडनीस गेली. अंतिम लढतीत एक मिनिटही पुरे होण्याआधी तिने रशियाच्या ल्युबोव्ह ब्रुलेतोव्हाला पाठीवर आपटले. आठ वर्षे ज्याची वाट पाहिली ते सुवर्ण असे हाती आले. पुढे योशितोमो तानी या बेसबॉलपटूशी विवाह झाल्यावर, २००४ साली अथेन्स येथे तिने तानी या नावाने दुसरे सुवर्ण मिळविले.

२००५ च्या अखेरीस तिला पुत्र झाला. २००७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ती तोमोको फुकुमीकडून हरली. तरी पूर्वीची कामगिरी पाहून जागतिक स्पर्धेसाठी निवड झाली ती तिचीच. जिंकलेल्या मुलीवर हा अन्याय नव्हे काय, असे तेव्हा अनेकांनी विचारले, आणि तो प्रश्न आम्हांसही रास्त वाटतो. रिओ दि जानेरोस रिओको सातव्यांदा जगज्जेती झाली, हे खरे. पण तेवढ्याने फुकुमीचा प्रश्न मिटला असे आम्ही म्हणणार नाही. २००८ साली बीजिंगच्या उपान्त्य लढतीत अखेरच्या क्षणांत मिळालेल्या दंडामुळे ती रुमानियाच्या अलिना दुमित्रुकडून हरली. त्याच दिवशी ती पुन्हा चटईवर उभी राहिली आणि कांस्यपदक जिंकून परतली. पाच ऑलिंपिक, पाच पदके!

विद्यार्थी मित्रांनो, या पाच पदकांपैकी तीन पदकांमागे एकेक पराभव आहे. हरल्यानंतर ती दरवेळी त्याच चटईवर परत आली, हे आम्हांस तिच्या दोन सुवर्णांइतकेच मोलाचे वाटते. तुमच्यापैकी ज्यांच्या प्रगतिपुस्तकात यंदा लाल रेघ आली असेल, त्यांनी ते पुस्तक घरी लपवू नये. वडील माणसांस दाखवावे, कोठे चुकले ते शांतपणे पाहावे, आणि जून महिन्यात पहिल्या दिवशी वेळेवर वर्गात येऊन बसावे. आम्ही वाट पाहात असू.