नाशिकच्या ढोलावर जीव असेल, तर गिनीचं संगीत ऐकाच!

विसर्जन मिरवणुकीत वाकडी बारवेपाशी उभे राहिलात की नीट ऐका: ढोल ठेका धरून ठेवतात, ताशा त्यावर तडतडत खेळतो, टोल लय बांधतो. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-मालीतही कामं जवळपास अशीच वाटलेली आहेत! तिथे डुनडुन नावाचे तीन आकारांचे ढोल काठीने वाजतात, सोबत लोखंडी घंटा. ताशाच्या जागी हाताने वाजवायचा जेंबे. जेंबेवाला ठरलेला बोल वाजवतो आणि नाचणारे पाऊल बदलतात; आपल्याकडे ढोलाचा हात, म्हणजे ठेका, बदलायचा इशारा ताशाच देतो.

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाला आणि नव्या सरकारने देशभर नृत्यबँड उभे केले, त्यांना पैसा पुरवला. बेयला गावचा १९६१ चा ‘बेम्बेया जॅझ’ त्यातलाच. त्यांचे गिटारवादक सेकू जाबाते पिढीजात गायक-वादकांच्या घरातले. बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचा बाज त्यांनी इलेक्ट्रिक गिटारवर आणला. काय वाजवतात! जोडीला ट्रम्पेट, सॅक्सोफोन. आधी फक्त गिटार ऐका, मग तळाचा ठेका.