वार्ता आणि तारखा थेट आपणापर्यंत : वेब फीडची ओळख



१४ फेब्रुवारी २०२५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांना रोममधील जेमेल्ली रुग्णालयात दाखल करण्यात आले. पुढील पाच आठवडे व्हॅटिकनचे प्रसिद्धी कार्यालय त्यांच्या प्रकृतीविषयी निवेदने देत होते. तरीही त्यांच्या निधनाच्या खोट्या बातम्या समाजमाध्यमांतून फिरतच राहिल्या. पोप महोदय २३ मार्च रोजी व्हॅटिकनला परतले आणि २१ एप्रिल रोजी देवाघरी गेले. अफवा हातोहात घरी येते. खरी वार्ता मात्र मूळ ठिकाणी जाऊन पाहावी लागते. तीही आपणहून आपणाकडे यावी, ह्यासाठी वेब फीड नावाची एक साधी सोय उपलब्ध आहे. तिची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

फीड म्हणजे काय?

संकेतस्थळावर नवीन मजकूर आला की त्याचे शीर्षक, तारीख, थोडक्यात सारांश आणि दुवा एका छोट्या यादीत आपोआप नोंदले जातात. ही यादी म्हणजे फीड. आरएसएस ही त्याची पद्धत १९९९ साली सुरू झाली; अॅटम ही दुसरी पद्धत २००५ साली प्रमाणित झाली. पॉडकास्टचे नवे भाग श्रोत्यांपर्यंत पोहोचतात तेही आरएसएसमुळेच.

ही यादी वाचणाऱ्या साधनास फीड रीडर म्हणतात. आपण निवडलेल्या सर्व फीड तो ठरावीक वेळाने तपासतो आणि नवीन मजकूर एकत्र मांडतो. दहा संकेतस्थळे रोज उघडून पाहण्याचे श्रम वाचतात. शिवाय फीड देणाऱ्या संस्थेस आपला ई-मेल अथवा दूरध्वनी क्रमांक कळवावा लागत नाही.

सुरुवात कशी करावी?

फीडली, इनोरीडर किंवा थंडरबर्ड ह्यांपैकी एखादे साधन घ्यावे. त्यात संकेतस्थळाचा पत्ता भरला की पुष्कळदा फीड आपोआप सापडते. व्हॅटिकन न्यूजची फीड आहे. वर्डप्रेसवर उभारलेल्या बहुतेक संकेतस्थळांनाही ती असते. मात्र फीड ही केवळ वाहक आहे. वार्तेच्या सत्यतेची हमी ती देत नाही. म्हणून मूळ व विश्वासार्ह स्रोतच निवडावेत.

आणखी एक दक्षता घ्यावी. गूगल रीडर हे लोकप्रिय साधन १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. ज्यांनी आपली यादी उतरवून घेतली होती, त्यांना ती दुसऱ्या साधनात नेता आली. आपणही अधूनमधून आपल्या यादीची ओपीएमएल प्रत जपून ठेवावी.

तारखांसाठी काय करावे?

नाताळची तारीख ठरलेली असते, ईस्टरची मात्र दरवर्षी बदलते. २०२६ साली राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला व ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ साली त्याच तारखा १० फेब्रुवारी आणि २८ मार्च. धर्मग्रामातील सभा, शिबिरे आणि नावनोंदणीच्या अखेरच्या तारखाही अनेकदा पुढे-मागे होतात. अशा तारखांसाठी आय-कॅलेंडर नावाची निराळी फीड असते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. कॅलेंडरची फाइल एकदाच उतरवून घेतली, तर तारीख बदलल्याचे आपणास कळत नाही. फीडच्या पत्त्यावरून कॅलेंडर जोडून घेतले, तर मूळ ठिकाणी केलेला बदल काही काळाने आपल्या मोबाइलवरही दिसतो. हा बदल तत्काळ पोहोचतोच असे नाही. म्हणून ऐनवेळच्या बदलासाठी धर्मग्राम कार्यालयात विचारणेच योग्य.

ज्या धर्मग्रामाचे संकेतस्थळ आहे, त्याने आपल्या कार्यक्रमांचे असे कॅलेंडर अवश्य द्यावे. तरुणांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर दोन-तीन निवडक फीड जोडून द्याव्यात आणि त्या कशा वाचाव्यात हे शेजारी बसून शांतपणे दाखवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.