पेल्यातली साखर कुणी मोजत नाही

गाऊटचं निदान झालं की आपल्या बीडकडच्या घरांत आधी तुरीचं वरण बंद होतं. शहाणा रोगी बिअरही सोडतो. पण लग्नसराईत मित्रांनी ढाब्यावर बसवलं की 'बिअर तर नाही ना' म्हणत रमचा पेला कोल्ड्रिंकने भरून घेतो. काळजी वाटते ती याच पेल्याची.

बिअर वाईटच, तिच्यात युरिक ॲसिड बनवणारं प्युरीनही असतं. पण दारू कुठलीही असो, तिच्यामुळे रक्तात लॅक्टेट वाढतं आणि मूत्रपिंडं युरिक ॲसिड बाहेर टाकण्याऐवजी राखून ठेवतात. त्यात कोल्ड्रिंकची भर. 300 मिलीत जवळपास 30 ग्रॅम साखर, त्यातलं निम्मं फ्रुक्टोज. ते पचवताना यकृताच्या पेशी आपला ऊर्जासाठा झपाट्याने खर्चतात आणि त्याचा जो चुरा उरतो, त्याचंच युरिक ॲसिड होतं. एकाच घोटात आवक वाढते आणि निचरा अडतो. रक्तातलं प्रमाण डेसिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या वर रेंगाळलं की सांध्यांत स्फटिक धरू लागतात, बहुतेकदा पायाच्या अंगठ्यात. मे महिन्यात घामाने अंगातलं पाणी आटतं, ते वेगळंच.

अमेरिकेतले डॉक्टर ह्योन चोई यांनी 47 हजारांहून अधिक पुरुषांच्या 12 वर्षांच्या नोंदी तपासल्या. बिअरने गाऊटचा धोका सर्वांत जास्त वाढला, त्याखालोखाल कडक दारूने. त्यांच्याच 2008 सालच्या अभ्यासात असं दिसलं की रोज दोन किंवा जास्त गोड शीतपेयं पिणाऱ्यांत तो 85 टक्क्यांनी जास्त होता. प्युरीन असलेल्या भाज्या-कडधान्यांनी मात्र तो वाढला नाही. वरणाचा धसका जुना आहे. चरकसंहितेतही वातरक्ताच्या, म्हणजे गाऊटसारख्या आजाराच्या, कारणांत कुळीथ-उडीद आहेत. पण त्याच यादीत सुरा आहे आणि ऊसही आहे, हे कुणी सांगत नाही. ज्या उसाच्या तोडणीसाठी बीडच्या मजुरांचे कोयते दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, त्याची साखर आणि त्याच्याच मळीची रम या पेल्यात पुन्हा एकत्र येतात.

कोल्ड्रिंकऐवजी साधा सोडा घातला तर साखर टळते, दारू टळत नाही. ज्याला गाऊट आहे, त्याला कुठलीही दारू झटका आणू शकते. ठणक चालू असताना तर थेंबही नको. आणखी एक: ऐन झटक्यात युरिक ॲसिडची रक्ततपासणी कधीकधी नॉर्मल येते. तेवढ्यावर 'बरा झालो' समजून युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी बंद करू नये. ठणक ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून पुन्हा तपासावं.