तीन कोच आणि एक खेडे

आगगाडीचा डबा म्हणजे कोच. क्रिकेट शिकवणारे गुरुजी म्हणजेही कोच. आणि दिवाणखान्यात आपण ऐसपैस बसतो तोही कोच! यांपैकी दोघे सख्खे भाऊ आहेत आणि तिसरा परका. ओळखा पाहू!

त्यासाठी हंगेरीत जाऊ या. बुडापेस्टहून व्हिएन्नाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर ‘कोच’ नावाचे खेडे आहे. १५ व्या शतकात तेथील कारागीर हलक्या, वेगवान घोडागाड्या बनवीत. लोक त्यांना ‘कोची गाडी’ म्हणत. हंगेरियन भाषेत गावाच्या नावाला ‘ई’ जोडली की ‘त्या गावचा’ असा अर्थ होतो. आपण नाही का ‘कोल्हापुरी चप्पल’ म्हणत? पुढे ‘चप्पल’ गळते आणि नुसती ‘कोल्हापुरी’ उरते. तेथेही ‘गाडी’ गळाली, ‘कोची’ उरली. १६ व्या शतकात हा शब्द इंग्लंडात पोचला आणि ‘कोच’ झाला.

१९ व्या शतकात आगगाडी आली. घोडे गेले, नाव मात्र राहिले. त्याच शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिक्षकाला थट्टेने ‘कोच’ म्हणू लागले. गाडी मुक्कामाला पोचवते, तसा हा! पुढे खेळाच्या मैदानावरही तेच नाव रुजले.

असे आणखीही हंगेरियन शब्द इंग्रजीत आहेत. ‘गुयाश’ म्हणजे गुराखी. त्याच्या रश्श्याला ‘गुराख्याचे मांस’ म्हणत. त्यातले ‘मांस’ गळाले आणि इंग्रजी ताटात उरला तो ‘गूलाश’, म्हणजे नुसता गुराखी! लास्लो बिरो हा बुडापेस्टचा पत्रकार. छापखान्याची शाई चटकन वाळते हे त्याने पाहिले. पण ती दाट शाई साध्या टाकातून उतरेना. मग त्याने टोकाला फिरती गोळी बसवली आणि १९३८ मध्ये या लेखणीचे पेटंट घेतले. ब्रिटनमध्ये बॉलपेनला आजही ‘बायरो’ म्हणतात.

आता तो परका कोण? दिवाणखान्यातला कोच! त्याचे मूळ ‘निजणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. उच्चार सारखा म्हणून नाते जोडू नये. तो शब्द कोठून निघाला, कोणत्या वस्तूबरोबर फिरला, याचा माग काढावा.

पुढच्या वेळी आगगाडीत बसाल, तेव्हा त्या खेड्यातल्या कारागिरांना आठवा. चांगली गाडी बनवून त्यांनी आपल्या गावाचे नाव जगाच्या तोंडी बसवले.